उचल घ्यायची की गावातच राहायचं? बीडच्या कोरडवाहू घराचा हिशेब

पोळा झाला की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीच्या गावांत ऊसतोडीच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमाच्या फेऱ्या सुरू होतात, हंगामाची आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेऊन. दोन-तीन एकर बालाघाटी मुरमाड रान, नवरा-बायको, दोन पोरं आणि घरी म्हातारी, असं घर इथे धरलं आहे. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत: कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर ऊस तोडायला जाणं, नाहीतर रोजगार हमी, कापूस वेचणी आणि चार-पाच शेळ्यांवर गावातच वर्ष काढणं.

आधी कारखान्याचं बघू. नवरा-बायको मिळून एक कोयता. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि टनाचा दर सुमारे 366 रुपयांवर गेला. दहा कोयत्यांच्या टोळीने दिवसाला 20 टनांची एक गाडी भरली, तर कोयत्याच्या वाट्याला 2 टन, म्हणजे 732 रुपये येतात. दोन माणसांनी पहाटे चारला फडात उतरून, मोळ्या बांधून, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या, त्याचे हे पैसे. गाडी रात्री अकराला लागली तर भरणी रात्री अकराला.

आता उचल. समजा 1 लाख घेतली. 100 दिवस रोज 2 टन तोड झाली, तर 73,200 रुपये फिटतात आणि 26,800 अंगावर राहतात. खर्ची म्हणून दर आठवड्याला किराण्याला जे पैसे मिळतात, तेही याच खात्यावर चढतात. हिशेब बिघडतो तो इथे. पूर्वी दसरा-दिवाळीला गेलेली टोळी पाडव्याच्या आसपास परतायची. 2024-25 चा हंगाम मात्र 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि मार्चच्या मध्यापर्यंत बहुतेक कारखान्यांची धुराडी थंडावली. दर वाढला, पण दिवस घटले. शिवाय हार्वेस्टर यंत्राला सरळ उभा, सपाट रानातला फड मिळतो. लोळलेला, ओढ्याकाठचा ऊस कोयत्याच्या वाट्याला येतो, आणि त्यात दिवसाला दीड टनही निघत नाही. आजारपणात दिवस बुडला की मजुरी जातेच, वर खाड्याचा दंड वेगळा.

म्हणून उचल किती घ्यायची हे मुकादम किती देतो यावर ठरवू नये. रोजची टनं गुणिले 90 दिवस गुणिले दर, त्यातून खर्ची वजा करून जे उरेल तेवढीच घ्यावी. वरची रक्कम हे पुढच्या वर्षाचं दावं असतं.

उलट बाजूही खरी आहे. पावसाळ्यात, कापसाला पैसा लागून गेलेला आणि हाती काहीच आलेलं नसताना, एवढी रोकड एकरकमी देणारा गावात दुसरा कोणी नाही. लग्न, दवाखाना, सावकाराचं देणं, सगळं त्यातूनच भागतं. गावात राहणाऱ्याचं पहिलं दुखणं हेच, की त्याला असा पैसा कुठूनच मिळत नाही.

गावात राहून काय मिळतं? 2025-26 मध्ये रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता. हमी 100 दिवसांची होती, तीही माणशी नसून कुटुंबामागे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्या दराने दोघं मिळून 100 दिवस भरले तर 31,200 होतात. 1977 च्या राज्याच्या कायद्याने त्यापुढेही काम मागता येतं, पण गावात काम निघालेलं असलं तर. तोंडी मागणीला काही अर्थ नाही. नमुना 4 भरून ग्रामरोजगार सेवकाला द्यायचा आणि तारखेची पोच घ्यायची. 15 दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्त्याचा हक्क त्या पोचेवरच उभा राहतो. मजुरी मोजमापावर निघते, त्यामुळे खडकाळ जागेत खड्डा कमी भरला की दर पूर्ण पडत नाही. पैसे खात्यात यायला उशीर होतो, तेवढे दिवस दुकानाची उधारी चालू राहते.

शेळ्यांचं गणित सरळ आहे, फक्त सावकाश चालणारं. उस्मानाबादी ही याच भागाची जात, काटक आणि बरेचदा जुळं देणारी. गाभणकाळ 5 महिने, पुढे करडू विकायला आणखी 6 ते 8 महिने, म्हणजे पहिलं वर्ष कोरडं. पाच शेळ्यांची मर वजा जाता सहा करडं विकली आणि नग 6,000 धरला, तर दुसऱ्या वर्षापासून 36,000 मिळतात. रोजगार हमीचे 31,200 मिळवले की 67,200 होतात. शंभर दिवसांच्या ऊसतोडीतल्या 73,200 च्या हे फार मागे नाही, आणि वेचणीची मजुरी व रब्बी ज्वारी यात धरलेलीच नाही. पशुसंवर्धन खात्याच्या शेळीगट योजनेत खुल्या प्रवर्गाला 50 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के अनुदान आहे. पण उरलेला हिस्सा आधी उभा करावा लागतो, आणि गाभण शेळी बाजारात योजनेच्या भावाला मिळत नाही.

पैशापलीकडचं पारडं मात्र एकाच बाजूला झुकतं. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, ना संडास, ना नळ. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीडच्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांची पाहणी आली, त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीचा खाडा नको म्हणून पिशवीच काढून टाकायची, इथपर्यंत हा धंदा बाईच्या अंगावर येतो. घरात तिशीच्या आतली बाई किंवा तान्हं मूल असेल, तर आमच्या मते त्या वर्षी जाऊ नये.

जायचंच ठरलं तर पोरांना म्हातारीजवळ ठेवून शाळेच्या हंगामी वसतिगृहात त्यांची नावं दसऱ्याआधीच घालावीत. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढावं. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही-अंगठा देऊ नये, उचलीचा आकडा अक्षरी लिहून घ्यावा. प्रत्येक गाडीची वजनपावती मुकादमाकडे मागून तारीख आणि टन वहीत टिपावेत. हिशेबाच्या दिवशी हीच वही कामाला येते. मुकादमाचं कमिशन कारखाना वेगळं देतो. ते तोडणीच्या दरातून कापलेलं दिसलं तर तिथल्या तिथे विचारावं. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला विकून आलेले पैसे कोणाचे, हेही निघण्याआधीच बोलून घ्यावं.

मागची बाकी अंगावर असेल तर यंदा राहण्याचा विचार सोडावा लागतो. मात्र नवी उचल निम्मी घ्यावी आणि फिटल्याचं लिहून घ्यावं. शेळ्या निघण्याआधी घेऊन म्हातारीच्या गळ्यात बांधू नयेत. परतल्यावर, चारा संपून बाजारात शेळ्या जास्त येतात तेव्हा, दोन-तीन घ्याव्यात. त्यांना आंत्रविषाराची लस मे महिन्यातच टोचून घ्यावी. नाहीतर पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर धष्टपुष्ट करडू रात्री ठीक असतं आणि सकाळी पाय ताणून पडलेलं सापडतं.