डिपॉझिट एक लाख, करारात पंचवीस हजार

माझे ९७,००० रुपये बुडाले. पुण्यात फ्लॅट भाड्याने घेताना १,००,००० डिपॉझिट दिलं आणि घर सोडताना हातात ३,००० पडले. घर बघत असाल तर हे वाचाच.

भाडं २२,०००, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. २५,००० खात्यावर, ७५,००० मालकांनी रोख घेतले. अंगठे घ्यायला एजंटचा माणूस लॅपटॉप घेऊन आला तेव्हा स्क्रीनवर डिपॉझिट फक्त २५,००० दिसलं. मी विचारलं. एजंट म्हणाला, "अहो, जास्त दाखवलं की स्टॅम्प ड्युटी वाढते, सगळे असंच करतात." मालक म्हणाले, "पावती कशाला? तुम्ही मला मुलासारखे." जुनं घर सोडायची मुदत संपलेली, सामान खाली टेम्पोत. अशा वेळी कोण भांडत बसेल?

ड्युटीचा हिशेब मी नंतर केला. एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. म्हणजे ७५,००० लपवून वाचतात जेमतेम सतरा-अठरा रुपये! अठरा रुपयांसाठी कोणी पाऊण लाख लपवत नाही. तिथेच कळायला हवं होतं. रात्री झोपताना अजून तोच लॅपटॉप डोळ्यांपुढे येतो.

सोडताना रंगाचे १८,००० आणि साफसफाईचे ४,००० कापले. आम्ही राहायला आलो तेव्हाच भिंतींचे पोपडे निघालेले होते, पण फोटो काढले नव्हते. तुम्ही काढा, व्हिडिओही करा, आणि पहिल्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. उरलेले ७५,००० मागितले तर म्हणाले, "कुठले? करारात बघा."

पोलीस चौकीत अर्जसुद्धा घेतला नाही. "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." नोंदणी कार्यालयात म्हणाले, आम्ही फक्त नोंदणी करतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ बघा. मुदत संपूनही भाडेकरू राहिला तर कलम २४ प्रमाणे मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाता येतं, दुप्पट भाडं मागता येतं. मालकाने डिपॉझिट दाबलं तर भाडेकरूला तसा झटपट मार्ग कुठे आहे? केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा आणला, त्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागूच होत नाही! मग वकील गाठा, फी भरा, तारखा घ्या. नोकरदार माणसाने हे कधी करायचं? मालकांना हे पक्कं माहीत असतं.

डिपॉझिटचा एकही रुपया रोख देऊ नका. दिलेली पूर्ण रक्कम करारात आली नसेल तर अंगठा लावू नका, टेम्पो दारात उभा असला तरी. रंगाचा खर्च कोणाचा, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे करारात लिहून घ्या. पैसे खात्यात आल्यावरच किल्ली द्या. मी वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. मालकांचं उत्तर आलेलं नाही, आणि एजंट फोन उचलत नाही.