‘फ्री दिवाळी डॉग किट’ आणि ९९ रुपयांचं कुरिअर

दिवाळी जवळ आली की इन्स्टाग्रामवर कुत्र्यांच्या सामानाचे गिव्हअवे, म्हणजे मोफत बक्षिसांच्या सोडती, सुरू होतात. हार्नेस, दीड मीटरचा पट्टा, स्टीलचे दोन बाऊल, सावकाश खायला लावणारी खाचांची थाळी. यातले बरेच गिव्हअवे खरे असतात आणि फसवणूक त्यांच्याच आडून होते, म्हणून ती चटकन ओळखू येत नाही.

गिव्हअवेच्या अटी नेहमीच्याच: पेज फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा, कॉमेंटमध्ये कुत्र्याचं नाव लिहा. या कॉमेंट्स सगळ्यांना दिसतात, म्हणजे भामट्याला आयती यादीच मिळते. तो मूळ पेजचा लोगो उचलतो, नावात एखादं टिंब किंवा अंडरस्कोर वाढवतो आणि निकालाआधीच मेसेज टाकतो: ‘अभिनंदन! ब्रूनोला दिवाळी किट लागलंय. फक्त ९९ रुपये कुरिअर चार्ज भरा. लिंक १५ मिनिटांत बंद होईल.’ आपल्या ब्रूनोचं नाव वाचलं की शंका घ्यायचं सुचत नाही. (कुत्र्याचं नाव पासवर्डमध्ये असेल तर तो आजच बदला.) अशा वेळी प्रोफाइलमधलं ‘अबाउट धिस अकाउंट’ उघडा. खातं कधी सुरू झालं आणि त्याचं नाव आधी बदललंय का, हे तिथे कळतं.

९९ रुपये हा नुसता गळ असतो. लिंकवर कार्डाचा नंबर मागितला तर पानावर ९९ दिसतात, पण ओटीपीच्या एसएमएसमध्ये बँक खरी रक्कम लिहिते. घाईत आपण फक्त ओटीपीचे आकडे टिपतो आणि शेजारची रक्कम वाचतच नाही. यूपीआयची खोच वेगळी. तिथे साध्या पेमेंटऐवजी ऑटोपेचं मँडेट, म्हणजे खात्यातून पुन्हा पुन्हा पैसे कापायची आगाऊ परवानगी, पुढे केलं जातं. पिन टाकण्याआधीच्या स्क्रीनवर ‘ऑटोपे’, कमाल रक्कम आणि मुदत लिहिलेली असते. एकदा मंजुरी दिली की मँडेटच्या मर्यादेत १५,००० रुपयांपर्यंतचे पुढचे हप्ते पिन न विचारता कापले जाऊ शकतात.

मग फोन येतो: पार्सल अडकलंय, बक्षिसावरचा कर भरा, नंतर परत मिळेल. बक्षिसावर टीडीएस (आधीच कापून घेतला जाणारा कर) लागतो तो १०,००० रुपयांच्या वर. दोन-अडीच हजारांच्या किटवर त्याचा प्रश्नच येत नाही, आणि कुठलाही कर कुणाच्या खासगी यूपीआय आयडीवर भरला जात नाही.

कधी कधी साडेतीनशे-चारशे रुपये ‘शिपिंग’ घेऊन खरंच पार्सल येतं. आमच्या मते हा प्रकार जास्त घातक. ऐन दिवाळीत फटाक्याच्या आवाजाने कुत्रा बिथरून जोर लावतो आणि नेमकी तेव्हाच हार्नेसची हलकी कडी उघडते. तीस किलोच्या लॅब्रेडोरला किमान २५ मिमी रुंदीची पट्टी हवी. अशा किटमध्ये बोटभरही रुंदीची नसते. डी-आकाराच्या कडीचा सांधा नखाने तपासा. फट लागली तर ती वेल्ड केलेली नाही, नुसती वाकवलेली आहे. कडीजवळ चौकोनात फुलीची शिवण हवी; एकेरी टीप उसवते. बाऊलच्या काठावरून बोट फिरवा, धार लागली तर त्यात खायला देऊ नका. असा कच्चा हार्नेस घालून कुत्र्याला रस्त्यावर नेऊच नका.

पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा. यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे विभागात जाऊन मँडेट रद्द करा, कार्ड ब्लॉक करा. व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक, चॅट आणि प्रोफाइलची लिंक जपून ठेवा. बँकेलाही त्याच वेळी कळवा आणि तक्रार क्रमांक व वेळ लिहून घ्या: ओटीपी तुम्हीच दिला असला तरी, कळवल्यानंतर होणाऱ्या अनधिकृत व्यवहारांचं नुकसान रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेने सोसायचं असतं.