हवा भरलेलं की साधं? उघड्यावरच्या काँक्रीटसाठी

हवा भरलेलं काँक्रीट म्हणजे रसायन (ॲडमिक्श्चर) घालून मुद्दाम बारीक बुडबुडे धरलेलं. निव्वळ क्यूबचे, म्हणजे दाबून तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, आकडे बघायचे तर साधं काँक्रीट जिंकतं. बाकी सगळं तेच ठेवून हवा 1 टक्क्याने वाढवली की दाबशक्ती अंदाजे 5 टक्क्यांनी उतरते. याच हिशेबाने मी कडक थंडीच्या जागी एक उघडा रॅम्प साध्या मालाने भरला. 28 दिवसांचे क्यूब झकास आले. पहिल्या हिवाळ्यानंतर वरचे पोपडे सुटू लागले, दुसऱ्यानंतर खडी उघडी पडली. बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने उरलंसुरलं काम केलं. रॅम्प मोडला मुळीच नाही, वजनही झेलत होता. पण कितीही झाडा, बुटाखाली कायम करकर. त्या करकरीनेच मला हवेकडे वळवलं.

शेजारचा रॅम्प मग साधारण 6 टक्के हवा आणि 0.45 पाणी-सिमेंट प्रमाण ठेवून केला. थंडी तीच, मीठही तेच, पण अजून झाडू फारसा लागलेला नाही. दोन रॅम्पवरून नियम काढू नये, हे कबूल. कारण मात्र पटण्यासारखं आहे: पाणी गोठताना 9 टक्के फुगतं आणि त्याला शिरायला जवळच जागा लागते. म्हणून टक्केवारीइतकंच बुडबुड्यांमधलं अंतर महत्त्वाचं, ते 0.2 मिलिमीटरच्या आत हवं. माल हलवून बसवणारा व्हायब्रेटर नीट न फिरल्याने राहिलेल्या पोकळ्या यात धरू नका, त्या फक्त ताकद खातात.

ताकदीचा तोटाही वाटतो तेवढा नसतो. बुडबुड्यांमुळे माल सैल चालतो, मग पाणी कमी करता येतं. कमी सिमेंटच्या मिक्समध्ये बरीच भरपाई तिथेच होते. जास्त सिमेंटच्या मिक्समध्ये ती तितकी होत नाही, तिथे डिझाइनमध्येच मार्जिन ठेवावं लागतं.

हवेची कटकट वेगळी: ती एका जागी राहत नाही. फ्लाय ॲशमधला (सिमेंटसोबत घालायच्या कोळशाच्या राखेतला) न जळालेला कार्बन ॲडमिक्श्चर शोषून घेतो, पंप आणि जादा व्हायब्रेशन बुडबुडे घालवतात. त्यामुळे प्लान्टच्या रिपोर्टवर न विसंबता मी पंपाच्या तोंडाशीच हवा मोजतो.

एका ठिकाणी मात्र मीही साधंच घेतो: लोखंडी थापीने गुळगुळीत घोटायची आतली फरशी. हवेच्या मालात पाणी सावकाश वर येतं, पृष्ठभाग लवकर सुकल्यासारखा दिसतो, गडी घाईने घोटतो आणि खाली अडकलेल्या हवा-पाण्याने फोड येतात. तिथे गोठण्याचा प्रश्नच नसतो, मग ही भानगड कशाला?