जंगलातली आग: विझवायची की लावायची?

अमेरिकेच्या वनखात्याने १९३५ मध्ये धोरण ठरवलं: जंगलात आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. हेतू चांगला होता. पण आगी विझत गेल्या तसा पालापाचोळा, काटक्या, दाट झुडपं साचत गेली. मग पेटलं की थेट शेंड्यापर्यंत.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या कारुक आणि युरोक या मूलनिवासी लोकांची रीत नेमकी उलटी. हवेत ओल आहे, वारा पडलाय, असा दिवस बघून ते जमिनीलगत हलकी आग फिरवतात. खालचा कचरा जळतो, मोठी झाडं शाबूत राहतात. हेझलचं झुडूप जळालं की बुडख्यातून सरळ, लवचीक फोक फुटतात आणि टोपल्या त्या फोकांच्याच विणतात. न जाळलेल्या झुडपाच्या फांद्या वाकड्या, विणकामाला निरुपयोगी. म्हणजे बंदी आगीवर आली आणि टोपल्याही गेल्या!

वस्तीवर चालून आलेला वणवा विझवावाच लागतो, त्यात वाद नाही. पण जंगल सावरायचं असेल तर मी दुसऱ्या रीतीच्या बाजूने आहे, आणि निर्णयही त्याच लोकांचा हवा. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये तसा कायदा केला: राज्याशी करार केलेल्या जमातींना आता दर वेळी परवान्यासाठी खेटे घालावे लागणार नाहीत.