‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणून साडेअकरा हजार घेतले, बोर्ड तोच होता

लॅपटॉपच्या बायोसचं, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी धावणाऱ्या प्रोग्रामचं, अपडेट अर्धवट फसलं, स्क्रीन काळी पडली आणि दुकानदाराने ‘मदरबोर्ड गेला’ असं सांगितलं, तर लगेच पैसे काढू नका. अशा वेळी बोर्ड बहुधा धडधाकट असतो. त्यावर नखाएवढी, आठ पायांची एक चिप असते आणि फक्त तिच्यातला मजकूर बिघडलेला असतो. तो मजकूर प्रोग्रामर नावाच्या छोट्या यंत्राने पुन्हा लिहिता येतो. या कामाचे काही शे रुपये होतात. माझ्या भाच्याकडून याच कामाचे ११,५०० रुपये नव्या मदरबोर्डच्या नावाखाली घेतले गेले, आणि त्याआधी एका ऑनलाइन विक्रेत्याने ३,५०० उकळले होते. जुने, सेकंडहँड लॅपटॉप वापरणारी मुलं आपल्याकडे घरोघरी आहेत, म्हणून झालं ते सगळं सविस्तर लिहिते आहे.

भाचा सोलापूरचा, पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. त्याचा लॅपटॉप इंटेलच्या थर्ड जनरेशन आय-फाइव्ह प्रोसेसरचा, सेकंडहँड घेतलेला. त्यातलं वायफाय कार्ड जुनं होतं, हॉस्टेलवर नेट रडतखडत चालायचं. त्याने दुसरं कार्ड आणून बसवलं, तर मशीन चालू होतानाच ‘हे वायरलेस कार्ड चालणार नाही’ असा संदेश देऊन थांबायला लागलं. त्या काळातल्या काही कंपन्या बायोसमध्ये ठरावीक कार्डांची यादीच घालून ठेवत. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन पुढे जातच नाही. याला व्हाइटलिस्ट म्हणतात. बायोसच्या फाइलमध्ये बदल करून ही यादी काढता येते आणि जाणकार लोक वर्षानुवर्षं ते करत आले आहेत. त्यामुळे पोराने काही भलतंच मनात आणलं होतं असं नाही.

टेलिग्रामवर त्याला एक विक्रेता भेटला. ‘तुझ्या सिरियल नंबरप्रमाणे खास फाइल बनवून देतो’ म्हणून १,५०० रुपये घेतले. फाइल आली, सोबत फ्लॅशिंगचं, म्हणजे ती फाइल चिपमध्ये लिहिण्याचं, सॉफ्टवेअर आणि ते कसं वापरायचं याचा व्हिडिओ आला. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली, मशीन रीस्टार्ट झालं आणि काळं पडलं. पंखा फिरतोय, स्क्रीनवर काही नाही, कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळाने लुकलुकतोय. विक्रेत्याचं उत्तर असं, की फाइल बरोबर आहे, तुझ्याच मशीनमध्ये दोष आहे, आणि रिकव्हरीची वेगळी फाइल हवी असेल तर आणखी २,००० लागतील. परीक्षा तोंडावर, प्रोजेक्ट मशीनमध्ये अडकलेला. त्याने तेही दिले. त्या फाइलनेही काही झालं नाही आणि विक्रेत्याने त्याला ब्लॉक केलं.

ही दुसरी फाइल काय होती ते नंतर कळलं. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं बायोस अपडेट फुकट मिळतं. ते उतरवून, त्याच्या पॅकेजमधून मूळ फाइल बाहेर काढली आणि दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा अंगठ्याचा ठसा, काढला. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळली. म्हणजे एका बिटाचाही फरक नाही. फक्त फाइलचं नाव बदलून २,००० रुपयांना विकली होती. ‘खास तुझ्यासाठी बनवली’ असं कुणी म्हणालं, तर ही तपासणी कुणालाही घरबसल्या करता येते. विंडोजमध्ये त्याची सोय आहे.

रिकव्हरीच्या फाइलने मशीन का उठलं नाही, तेही सांगते. बहुतेक कंपन्यांनी अशा प्रसंगासाठी सोय ठेवलेली असते. एचपीच्या बऱ्याच मॉडेल्सवर विंडोज आणि बी ही बटणं दाबून ठेवून पॉवर बटण दाबायचं असतं, डेलच्या बऱ्याच मॉडेल्सवर कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून चार्जरची पिन लावायची असते. पेनड्राइव्हवर योग्य फाइल असली की मशीन ती स्वतः उचलतं. कुठल्याही दुकानात जाण्याआधी आपल्या मॉडेलची ही पद्धत कंपनीच्या साइटवर बघून घ्या, अनेकांचं काम इथेच फुकटात होतं. पण बायोसचा अगदी सुरुवातीचा छोटा भाग, बूट ब्लॉक, शाबूत असेल तरच ही सोय चालते. भाच्याला दिलेल्या पहिल्या फाइलने तोच भाग पुसून टाकला होता, त्यामुळे बटणं दाबलेली मशीनला कळतच नव्हती.

मग तो दुकानात गेला. स्टेशनच्या बाजूचं एक कॉम्प्लेक्स, काचेचं काउंटर, ‘चिप-लेव्हल रिपेअरिंग’ची मोठी पाटी. मशीन ठेवून घेतलं आणि संध्याकाळी फोन आला, ‘बोर्ड डेड आहे. रिपेअर होणार नाही, बदलावा लागेल.’ भाच्याने मला विचारलं. मी सांगितलं, “जुना बोर्ड परत माग आणि बिल घे.” त्याने दोन्ही मागितलं. उत्तर आलं की जुना बोर्ड सप्लायरला परत द्यावा लागतो, त्याशिवाय हा रेट बसत नाही. आणि बिलाच्या जागी आली एक पिवळी चिठ्ठी. वर ‘एस्टिमेट’ असं छापलेलं, जीएसटी नंबर नाही, बोर्डाचा नंबर नाही, नुसतं ‘एम. बी. चेंज ११,५००’ आणि खाली ‘टेस्टिंग वॉरंटी ७ दिवस’. मी हिशेबाच्या कामात आयुष्य काढलं आहे. जो माणूस साडेअकरा हजारांचा माल विकतो आणि त्याचा नंबर कागदावर घालत नाही, त्याने तो माल दिलेलाच नाही असं मी धरून चालते.

मशीन घरी आणलं तेव्हा चालू होतं. पण बरोब्बर अर्ध्या तासाने खटकन बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा अर्ध्या तासाने बंद. शिवाय विंडोज ॲक्टिव्हेशन मागायला लागलं होतं, आणि सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये दिसणारा सिरियल नंबर खालच्या स्टिकरवरच्या नंबरशी जुळत नव्हता. दुकानदाराला फोन केला. “मॅडम, नवीन बोर्ड आहे, नंबर वेगळाच येणार ना. आणि बंद पडतोय ते बॅटरीमुळे. बॅटरी घालून देतो, २,८०० होतील.”

हे उत्तर ऐकायला पटणारं आहे आणि धोका नेमका इथेच आहे. बोर्ड खरंच बदलला तर सिरियल बदलू शकतो, विंडोजही ॲक्टिव्हेशन मागू शकतं. त्यामुळे निव्वळ सिरियल वेगळा आला, एवढ्यावर चोरी सिद्ध होत नाही. आमच्या हाती आणखी एक गोष्ट होती. वायफाय कार्ड बसवताना भाच्याने मशीन उघडून मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते, कुठला स्क्रू कुठला ते कळावं म्हणून.

तपकीर गल्लीजवळ बसणारा एक कारागीर आमच्या ओळखीचा आहे. त्याच्या टेबलावर मशीन उघडलं आणि मोबाइलवरचा फोटो शेजारी धरला. रॅमच्या खाचेजवळचा पांढरा बारकोड स्टिकर, त्याचा फाटलेला डावा कोपरा, त्यावरचा नंबर, सगळं फोटोतलंच. जुन्या कुठल्या तरी दुरुस्तीत कुणी निळ्या मार्करने ओढलेली रेघसुद्धा जागच्या जागी. नवीन दिसत होतं ते एकच. बायोसच्या चिपचे आठही पाय ताज्या सोल्डरिंगचे, चकचकीत, आणि भोवती सोल्डरिंगला लागणाऱ्या फ्लक्सचा तपकिरी चिकट ओघळ, पुसण्याचेही कष्ट न घेतलेला. “ताई, बोर्ड तोच आहे. चिप काढलीय, बायोस मारलाय आणि परत डकवलीय,” तो म्हणाला.

मग त्याने चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढली, चिपवर आठ दातांची क्लिप लावली आणि प्रोग्रामरने मजकूर वाचून घेतला. एकदा नाही, दोनदा, आणि दोन्ही फाइली ताडून बघितल्या, कारण क्लिप नीट बसली नसेल तर वाचन चुकतं. आठ एमबीची चिप, विनबॉन्ड कंपनीची. आत दुसऱ्याच कुठल्या तरी लॅपटॉपचा सिरियल नंबर होता. म्हणजे दुकानदाराने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मशीनचा डंप, म्हणजे तिच्या चिपमधल्या मजकुराची प्रत, उचलून जसाच्या तसा आमच्या चिपमध्ये ओतला होता.

अर्ध्या तासाचं कोडंही तिथेच सुटलं. इंटेलच्या चिपसेटमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक वेगळा छोटा कंट्रोलर असतो आणि त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, याच चिपमध्ये, बायोसच्या शेजारच्या भागात असतं. तो भाग खराब असेल किंवा त्या बोर्डावर नीट सुरूच होत नसेल, तर मशीन तीस मिनिटांनी आपोआप बंद होतं. हे लक्षण दुरुस्तीच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, त्या दुकानदारालाही असणारच. त्यावर तो बॅटरी विकायला निघाला होता, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

डंप वापरणं हाच गुन्हा, असं माझं म्हणणं नाही. मूळ मजकूर वाचताच येत नसेल तर चांगला कारागीरही त्याच मॉडेलचा डंप घेतो. पण मग तो मशीनचा मूळ सिरियल, युनिक आयडी, विंडोज ८ पासून बायोसमध्येच साठवली जाणारी विंडोजची की, हे शक्य तेवढं परत घालतो आणि मॅनेजमेंट इंजिनचा भाग साफ करून देतो. नाहीतर आपला लॅपटॉप दुसऱ्याचं आधार कार्ड खिशात घालून फिरतो.

आमच्या बाबतीत मूळ मजकूर होता. फ्लॅशिंगच्या सॉफ्टवेअरने लिहायला सुरुवात करण्याआधी जुन्या बायोसची प्रत काढली होती आणि ती भाच्याच्या पेनड्राइव्हवर होती. त्याने ती दुकानात देऊ केली होती, तेव्हा ‘त्याची गरज नाही, बोर्डच गेलाय’ म्हणून हाकलून लावलं होतं. या कारागिराने बायोसचा भाग त्या प्रतीतून घेतला, मॅनेजमेंट इंजिनचा भाग त्याच आवृत्तीचा साफ करून जोडला, चिपमध्ये लिहिला आणि लिहिलेलं परत वाचून पडताळलं. पहिल्यांदा चालू व्हायला मशीनने थोडा वेळ घेतला, मग कंपनीचा लोगो आला. सिरियल स्टिकरप्रमाणे, विंडोज नेटला लागताच ॲक्टिव्हेट. अर्धा तास झाला, एक तास झाला, बंद पडलं नाही. ९०० रुपये, पक्कं बिल. वायफायसाठी त्याने यूएसबी डाँगल लावायला सांगितलं, कारण व्हाइटलिस्ट आतल्या कार्डाची तपासते, यूएसबीची नाही.

नवीन मशीनवाल्यांनी दोन गोष्टी जास्त लक्षात घ्यायला हव्यात. इंटेलच्या फोर्थ जनरेशनपासून, म्हणजे २०१३ पासून, बूट गार्ड नावाची सोय आली. कंपनीने ती चालू केली असेल तर बदललेली बायोस फाइल मशीन चालवतच नाही. त्यामुळे ‘कुठलंही मॉडेल अनलॉक करून देतो’ म्हणणारा खोटं बोलतो आहे. दुसरी गोष्ट डेटाची. आजकाल विंडोज डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करून ठेवतं आणि किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षित कप्प्यात असते. कित्येक लॅपटॉपमध्ये टीपीएमचा साठा याच चिपमध्ये असतो. तिथे परका डंप ओतला की बिटलॉकर, म्हणजे विंडोजचा हा कुलूप लावणारा प्रोग्राम, ४८ अंकी रिकव्हरी की मागतो आणि ती नसेल तर डेटा गेला. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बघा आणि बायोसला हात लावण्याआधी कागदावर उतरवून ठेवा. स्वतःच प्रोग्रामर आणून करायचं असेल तर आधी चिपचा नंबर वाचा. अलीकडच्या बऱ्याच चिपा १.८ व्होल्टच्या असतात आणि स्वस्तातले प्रोग्रामर त्याहून जास्त देतात.

दुकानात देताना बोर्डाचे फोटो काढा, स्टिकरवरचा नंबर वाचता येईल असे. काहीही लिहिण्याआधी चिपमध्ये आहे तसा मजकूर वाचून आपल्या पेनड्राइव्हवर मागा, तो बिघडलेला असला तरी मागा, कारण सिरियल आणि की बऱ्याचदा त्यातूनच परत काढता येते. बोर्ड बदलणार असतील तर नव्या बोर्डाचा नंबर बिलावर हवा आणि जुना बोर्ड हातात हवा. मशीन परत घेताना चाळीस मिनिटं दुकानातच चालवून बघा. प्रामाणिक माणूस यातल्या एकाही गोष्टीला नाही म्हणत नाही.

आम्ही दुकानदाराला लेखी नोटीस दिली, सोबत बोर्डाचे फोटो आणि दुसऱ्या कारागिराचा लेखी अहवाल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. टेलिग्रामवाल्याची तक्रार सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर केली. तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त. आमचा उशीर झाला होता आणि ते ३,५०० अजून मिळालेले नाहीत.

दुकानदाराने नोटीस मिळाल्यावर ८,००० परत पाठवले आणि ‘माझी काहीही तक्रार नाही’ अशा कागदावर भाच्याची सही मागितली. ती सही आम्ही दिलेली नाही. उरलेल्या ३,५०० साठी आयोगात तक्रार दाखल केली आहे आणि ती पिवळी चिठ्ठी त्यात पुरावा म्हणून जोडली आहे.