बीएचएमएस: कोलकात्याला जावं की महाराष्ट्रातच राहावं?

नीटचा निकाल हातात आहे, होमिओपॅथीच करायची, म्हणजे बीएचएमएस ही पदवी घ्यायची, हेही ठरलंय. आता कुठे, एवढंच उरलं. कोर्स सगळीकडे सारखाच: साडेचार वर्षं अभ्यास आणि वर्षभर इंटर्नशिप. खरा फरक पडतो तो रुग्णांमुळे. केस घेणं हा या शास्त्राचा गाभा. रुग्णाला थंडी सोसत नाही की ऊन, दुखणं रात्री वाढतं की पहाटे, हे त्याच्याच तोंडून काढावं लागतं, आणि ते पुस्तकातून येत नाही.

कोलकात्याची राष्ट्रीय होमिओपॅथी संस्था १९७५ची, केंद्राच्या आयुष मंत्रालयाखालची. फी खासगी कॉलेजांच्या मानाने फारच कमी, स्वतःचं रुग्णालय आणि ओपीडीत भरपूर गर्दी. प्रवेश केंद्रीय आयुष समुपदेशनातून, त्यामुळे चुरस मोठी. अडचण भाषेची. रुग्ण बंगालीत बोलणार, आणि नुसतं ‘कोथाय ब्यथा’ विचारून केस पूर्ण होत नाही. पहिल्याच वर्षी बंगाली शिकायची तयारी हवी.

महाराष्ट्रात बहुतेक कॉलेजं खासगी आहेत, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न. प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीकृत प्रवेशाच्या, फेऱ्यांतून होतात. इथे रुग्ण आपल्या भाषेत बोलतो, ही फार मोठी जमेची बाजू. पण दर्जात जमीन-अस्मानाचा फरक! म्हणून पर्याय भरण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी न सांगता जाऊन या. केसपेपरच्या खिडकीशी रांग आहे का, वॉर्डातल्या खाटांवर खरंच रुग्ण आहेत का, ते बघा. इंटर्नना विचारा, स्वतः किती केस घेतल्या?

माझं मत स्पष्ट आहे. कोलकात्याची जागा मिळाली तर सोडू नका. नाही मिळाली तर शहरातल्या चकचकीत पण रिकाम्या कॉलेजपेक्षा तालुक्याच्या गावचं गजबजलेलं बरं.

पत्रव्यवहाराने मिळणाऱ्या पदविका आणि इलेक्ट्रोहोमिओपॅथी यांच्या वाटेला जाऊच नका. त्यांवर होमिओपॅथी परिषदेची नोंदणी मिळत नाही.

परदेशाचा विचार असेल तर हेही ठाऊक असू द्या. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेला २०१५च्या आढाव्यात एकाही आजारावर होमिओपॅथीचा विश्वासार्ह पुरावा सापडला नाही. २०१७मध्ये इंग्लंडच्या एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, ही औषधं लिहून देणं थांबवायला सांगितलं. आणि ‘पुढे सीसीएमपी (आधुनिक औषधशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम) करून ॲलोपॅथी देऊ’ या हिशोबाने बीएचएमएस घेऊ नका. महाराष्ट्राच्या २०१४च्या कायदादुरुस्तीतून आलेली ती वाट अजून वादात आहे.