डीसी लाइनचा करोना लॉस: सूत्र घ्यायचं की एफईएम लावायचं?

करोना लॉस म्हणजे तारेभोवतीची हवा आयनित होऊन वाया जाणारी वीज. ती काढायला एकतर तयार सूत्र घ्यायचं, नाहीतर एफईएम, म्हणजे जागेचे बारीक तुकडे पाडून संगणकावर फील्ड सोडवायची पद्धत. आधी हे ठरवा की तुम्हाला नक्की काय हवंय, कारण इथेच बरेच जण फसतात. कंडक्टर निवडताना नुसता वर्षाचा लॉस हवा असेल तर सीग्रेवाल्यांचं (वीज यंत्रणांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) मोजमापांवरून बसवलेलं सूत्र घ्या आणि मोकळे व्हा. त्यात ग्रेडियंट (तारेच्या पृष्ठभागावरची फील्डची तीव्रता) 25 किलोव्होल्ट प्रति सेंमी, 3.05 सेंमीच्या 3 तारांचं बंडल, उंची आणि दोन पोलमधलं (धन आणि ऋण तारांमधलं) अंतर 15-15 मीटर असं धरलं की कोरड्या हवेत 2.9 डीबी (1 वॉट प्रति मीटरच्या तुलनेत) आणि खराब हवेत 11 डीबी येतं, म्हणजे किलोमीटरला साधारण 2 किलोवॉट आणि साडेबारा किलोवॉट. आता आपली चंद्रपूर-पडघे लाइन घ्या, 752 किमी, 1500 मेगावॉट. तिची तारा-टॉवरची मापं वेगळी असणार, पण अंदाजाला हेच दर लावले तर दीड मेगावॉट आणि साडेनऊ मेगावॉट. पण चंद्रपूरला ऊन आणि पडघ्याला धो धो असं असतंच ना, त्यामुळे लाइनचे तुकडे पाडून हवामानाप्रमाणे बेरीज करा, सगळीकडे एकदम पाऊस धरू नका.

ॲनेबर्गचं (स्वीडनमधलं चाचणी केंद्र) सूत्र त्याहून सोपं आहे, ग्रेडियंट 4 किलोव्होल्ट प्रति सेंमीने वाढला की लॉस दुप्पट, बस. ग्रेडियंट 22 वरून 24 केला तर ॲनेबर्गचं सूत्र म्हणतं लॉस 41 टक्के वाढला, सीग्रेचं कोरड्या हवेचं सूत्र म्हणतं 54 टक्के. दोन्ही काढून बघा, फरकावरून आपल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं.

डॉइशचं गृहीतक, म्हणजे स्पेस चार्जमुळे (हवेत पसरलेल्या आयनांच्या चार्जमुळे) फील्डची दिशा बदलत नाही, फक्त तीव्रता बदलते, हे घेऊन फ्लक्स लाइनवर गणित करायची पद्धत मोनोपोलला (एकाच पोलची लाइन) झकास चालते. बायपोलला (धन आणि ऋण दोन्ही पोल) मधे दोन्ही जातीचे आयन मिसळतात, एकमेकांना संपवतात, तिथे जरा जपून. आणि वारा आला की दिशा बदलतेच.

मग एफईएम कधी? वाऱ्यात जमिनीवर आयन करंट किती येतो हे हवं असेल तेव्हा. फक्त लॉससाठी नको, मी रात्रभर लॅपटॉप तापवून मेश (एफईएममधली तुकड्यांची जाळी) दुप्पट बारीक केला तर उत्तर जेमतेम हललं, आणि तारेच्या खडबडीतपणाचा गुणक 0.6 चा 0.5 केला तर लॉस कुठल्या कुठे वाढला! तो गुणक तर अंदाजानेच धरलेला, उन्हाळ्यात तारेला किडे चिकटले तरी बदलतो. (गंमत म्हणजे पावसात डीसी लाइनचा लॉस वाढतो पण आवाज कमी होतो, एसीच्या उलट.)

तरी एफईएमच करायचं असेल तर आधी एकात एक दोन नळकांड्यांची केस चालवा, टाउनसेंड या भौतिकशास्त्रज्ञाचं तयार उत्तर आहे त्याला, तिथे जुळलं तरच लाइनला हात लावा.